पेशीचा उंबरठा

आजच्या भाषणाचा विषय डोळ्यांना न दिसणारा आहे. म्हणून प्रथम डोळ्यांना दिसणाऱ्या, आणि त्याहि आपल्या स्वयंपाकघरांत दिसणाऱ्या, दोन गोष्टी सांगतों. बिटाची एक फोड घ्यावी, कापलेल्या जागेचा रस दोन-तीन वेळां धुऊन टाकावा आणि ती थंड पाण्यांत ठेवावी. पाणी बराच वेळ निवळ राहतें. तीच फोड उकळत्या पाण्यांत टाकली कीं थोड्याच वेळांत पाणी लालभडक होतें. रंग तोच आणि पाणीहि तेंच. मग थंड पाण्यांत त्या रंगाला कोणी अडवून धरलें होतें? दुसरी गोष्ट लोणच्याची. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेविलें कीं भांड्याच्या तळाशीं पाणी सुटूं लागतें. पाणी घटकाभरांत बाहेर येतें. परंतु मीठ कांहीं तितक्या त्वरेनें आंत शिरत नाहीं. लोणचें मुरावयास दिवस लागतात.

या दोन्ही गोष्टींचें उत्तर एकच आहे. वनस्पति असो, प्राणी असो वा मनुष्य असो, सजीवाचें शरीर पेशींचें बनलेलें असतें आणि प्रत्येक पेशीभोंवतीं एक अत्यंत पातळ पापुद्रा असतो. त्याला पेशीचें पटल म्हणतात. वनस्पतींच्या पेशींना या पटलाबाहेर काष्ठतंतूंची आणखी एक जाड भिंत असते, ती निराळी. भिंत आधार देते, निवड करीत नाहीं. निवड पटल करतें. बिटाचा रंग पेशीच्या पोटांतील एका पिशवींत, अशाच जातीच्या पटलाआड सांठविलेला असतो. उकळत्या पाण्यानें तीं पटलें फाटतात आणि रंग बाहेर धांवतो. पाण्याला वाट द्यावी आणि मिठाला थोपवावें, हा विवेक जोंवर शाबूत आहे तोंवर पेशी जिवंत आहे. तो संपला कीं पेशीहि संपली. कुंपण सर्वांनाच अडवितें, उंबरठ्यावर मात्र कोणाला आंत घ्यावयाचें आणि कोणाला नाहीं हें ठरतें. म्हणून या पटलाला मी पेशीचा उंबरठा म्हणतों. तो कसा रचलेला आहे, तो कोणी व कसा ओळखला, आणि त्याच्या ज्ञानानें लक्षावधि मुलांचे प्राण कसे वांचले, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

या पटलाची जाडी सुमारें ५ नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. आपल्या वहीच्या एका कागदाच्या जाडींत अशीं सुमारें २० हजार पटलें एकावर एक मावतील. साध्या सूक्ष्मदर्शकांतून प्रकाशाच्या साहाय्यानें २०० नॅनोमीटरहून बारीक तपशील दिसत नाहींत. तेव्हां हें पटल पाहून ओळखतां येणें अशक्यच होतें. त्याची ओळख अनुमानानें करून घ्यावी लागली, आणि त्या अनुमानाचा आरंभ एका तळ्याकांठीं झाला.

अमेरिकेचे मुत्सद्दी व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनीं लंडनजवळील क्लॅपहॅमच्या तळ्यांत चमचाभर तेल ओतलें. तें पसरत पसरत सुमारें अर्धा एकर जागेवर गेलें आणि वाऱ्यानें उठणाऱ्या लाटा तेथें शांत झाल्या. हा वृत्तांत १७७४ सालीं प्रसिद्ध झाला. चमचाभर तेल अर्ध्या एकरावर पसरलें तर त्या थराची जाडी किती, हा भागाकार कोणाहि शाळकरी मुलाला जमेल. उत्तर एकदोन नॅनोमीटर येतें, म्हणजे जवळजवळ एका रेणूची उंची! पण फ्रँकलिन यांनीं हा भागाकार केला नाहीं, आणि तळ्यावरील तेलाचा मर्म उलगडावयास आणखी शंभराहून अधिक वर्षें जावीं लागलीं.

तो मर्म उलगडण्यास प्रारंभ झाला तोहि एका स्वयंपाकघरांत. जर्मनींतील ब्राउन्श्वाइग येथें आग्नेस पोकेल्स नांवाची एक मुलगी होती. त्या काळीं तेथील विद्यापीठांचे दरवाजे स्त्रियांना बंद होते, आणि आजारी आईबापांची शुश्रूषा व घरकाम हेंच तिच्या वांट्यास आलें होतें. भांडीं धुतांना पाण्यावर येणाऱ्या तेलकट तवंगाकडे तिचें लक्ष गेलें. तिनें पत्र्याचें एक उथळ तबक केलें, त्यावर सरकणारी पट्टी बसविली, आणि तवंग दाबला वा सैल केला असतां पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण कसा बदलतो, हें ती बिनचूक मोजूं लागली. १८९१ च्या जानेवारींत तिनें इंग्लंडचे नामांकित पदार्थवैज्ञानिक लॉर्ड रॅले यांना पत्र लिहून आपले निष्कर्ष कळविले. रॅले यांचा मोठेपणा असा कीं, त्यांनीं तें पत्र 'नेचर' या नियतकालिकाकडे शिफारस करून धाडलें आणि त्याच वर्षीं तें छापून आलें. रेणूंचा एकपदरी थर मोजण्याचीं पुढील सर्व उपकरणें या घरगुती तबकाचींच सुधारलेलीं रूपें होत.

याच सुमारास झुरिच येथें अर्नेस्ट ओव्हरटन हे वनस्पतींच्या पेशींत कोणकोणतीं द्रव्यें शिरतात याची कसून पारख करीत होते. शेंकडों द्रव्यें तपासल्यावर त्यांना एक नियम आढळला. जें द्रव्य तेलांत चांगलें विरघळतें तें पेशींत झटकन शिरतें. जें तेलांत विरघळत नाहीं तें बाहेर ताटकळतें. यावरून त्यांनीं असें अनुमान काढलें कीं, पेशीचें पटल स्निग्ध, मेदासारख्या द्रव्याचें बनलेलें असलें पाहिजे.

तें पटल किती पदरी? या प्रश्नाचें उत्तर १९२५ सालीं हॉलंडमधील लायडेन येथें इव्हर्ट गॉर्टर व फ्रँस्वा ग्रेंडेल यांनीं दिलें. त्यांनीं रक्तांतील तांबड्या पेशी निवडल्या, कारण माणसाच्या पक्व तांबड्या पेशींत अन्य पटलें नसतात. तिच्यांत जो मेद सांपडेल तो सर्व बाहेरच्या पटलाचाच असला पाहिजे. तो मेद काढून त्यांनीं पाण्यावर पसरला, आणि त्यानें व्यापलेली जागा पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. अर्थात् पटल दुपदरी! गंमत अशी कीं, त्यांच्या मापनांत दोन चुका होत्या. मेद पूर्णपणें निघाला नव्हता आणि पेशींचा पृष्ठभागहि त्यांनीं कमी धरला होता. या दोन उणिवांनीं एकमेकींना छेद दिला आणि उत्तर बरोबर आलें. पुढें इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शक हातीं आल्यावर १९५०–६० च्या दशकांत पटलाच्या दोन काळ्या रेघा व मधला फिकट पट्टा प्रत्यक्ष चित्रांत दिसला.

आतां या दुपदरी रचनेचें कारण पाहूं. पटलांतील स्निग्ध रेणूला एक डोकें व दोन शेपट्या असतात. डोक्याला पाणी आवडतें, शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. असे कोट्यवधि रेणु पाण्यांत आले म्हणजे ते आपण होऊनच दोन रांगांत उभे राहतात. डोकीं बाहेरच्या आणि आंतल्या पाण्याकडे, शेपट्या मध्यें एकमेकींकडे. त्यांना असें उभें करणारा कोणी कारागीर लागत नाहीं. पाण्याचा स्वभावच हें काम करून घेतो. सुईच्या टोंकाएवढें बारीक छिद्र पडलें तर तें आपोआप बुजतें, याचेंहि कारण हेंच.

परंतु हे रेणु विटांसारखे जागच्या जागीं पक्के बसलेले असतात, असें मात्र समजूं नये. १९७० सालीं अमेरिकेंत फ्राय व एडिडिन या दोघांनीं उंदराची एक पेशी व माणसाची एक पेशी जोडून एक केली. एकीच्या पटलावरील प्रथिनांना हिरव्या आणि दुसरीच्या प्रथिनांना तांबड्या चकाकीची खूण लाविली होती. आरंभीं अर्धी पेशी हिरवी, अर्धी तांबडी दिसली. शरीराच्या उष्णमानांत ४० मिनिटें ठेविल्यावर दोन्ही रंग सर्वत्र मिसळून गेले. थंडींत ठेविलेल्या पेशींत मात्र ते मिसळले नाहींत. म्हणजे पटल हें घट्ट नसून तेलासारखें वाहतें आहे आणि त्यांत प्रथिनें तरंगत फिरत आहेत. १९७२ सालीं सिंगर व निकल्सन यांनीं याच कल्पनेला व्यवस्थित रूप दिलें. तूप थंडींत थिजतें आणि तेल थिजत नाहीं, हें आपण जाणतों. थंड पाण्यांतील मासेहि हें जणूं जाणतात. हिंवाळ्यांत त्यांच्या पटलांत तेलासारख्या मेदाचें प्रमाण वाढतें, म्हणून पटल थिजत नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. पटल जर स्निग्ध आहे, तर पाणी, साखर, मीठ हे तेलांत न विरघळणारे पदार्थ पेशींत येतात कसे? त्यांच्यावांचून तर जीवन नाहीं. प्राणवायु व कर्बवायु हे स्निग्ध थरांतून थेट पार होतात. इतरांसाठीं प्रथिनांचीं द्वारें आहेत. हीं द्वारें मुख्यत्वें तीन प्रकारचीं.

पहिला प्रकार सरळ बोगद्याचा. पाण्यासाठीं स्वतंत्र बोगदा असावा असा तर्क पुष्कळ दिवसांचा होता. तो १९९२ सालीं पीटर अॅग्रे व त्यांचे सहकारी यांनीं सिद्ध केला. बेडकाच्या अंड्याचें पटल पाण्याला फारशी वाट देत नाहीं. त्या अंड्यांत त्यांनीं एका विशिष्ट प्रथिनाची घडण सुरू करविली आणि अंडें अत्यंत सौम्य पाण्यांत ठेविलें. साधें अंडें जसेंच्या तसें राहिलें. हें अंडें मात्र कांहीं मिनिटांत टरारून फुटलें. या प्रथिनाच्या एका बोगद्यांतून सेकंदाला सुमारें ३ अब्ज पाण्याचे रेणु एकामागून एक जातात. आपल्या मूत्रपिंडांत दररोज गाळल्या जाणाऱ्या सुमारें १८० लिटर द्रवांतून बहुतेक सर्व पाणी शरीराला परत मिळतें, त्यांत अशा बोगद्यांचा मोठा वांटा आहे.

पोटॅशियमचा बोगदा याहून चतुर आहे. सोडियमचा कण पोटॅशियमच्या कणाहून लहान. तरी हा बोगदा मोठ्याला सोडतो आणि लहानाला अडवितो! रॉडरिक मॅकिनन यांनीं १९९८ सालीं याचें चित्र उलगडलें. पाण्यांत असतां प्रत्येक कणाभोंवतीं पाण्याच्या रेणूंचें वेष्टन असतें, तें उतरविल्याशिवाय बोगद्यांत शिरतां येत नाहीं. आंत प्राणवायूचे परमाणु अशा अंतरावर बसविलेले आहेत कीं, पोटॅशियमला तेथें पाण्यांतल्यासारखाच आधार मिळतो. लहानग्या सोडियमचे हात तेथवर पोंचत नाहींत, म्हणून तो बाहेरच राहतो. अशा एकेका बोगद्याचें उघडणें-मिटणें मोजण्याची युक्ति जर्मनींतील नेहेर व साकमान यांनीं १९७६ सालीं दाखविली. कांचेच्या अतिसूक्ष्म नळीचें तोंड पटलाला चिकटवून त्यांनीं एका बोगद्यांतून जाणारा विजेचा प्रवाह टिपला. तो प्रवाह एका अँपिअरच्या दहा लक्षांशाचाहि दहा लक्षावा भाग, असा मोजमापाचा असतो.

दुसरा प्रकार वाड्याच्या देवडीसारखा. पाहुणा देवडींत येतो, बाहेरचें दार लागतें, मग आंतलें उघडतें; दोन्ही दारें एकाच वेळीं कधीं उघडीं नसतात. द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लूकोज, अशाच देवडींतून पेशींत जाते. स्नायूंच्या व चरबीच्या पेशी या देवड्या एरव्हीं पोटांत ठेवून देतात. इन्सुलिनची वर्दी आली म्हणजे त्यांना पटलावर आणून बसवितात. मधुमेहांत ही वर्दी येत नाहीं किंवा ऐकली जात नाहीं, म्हणून रक्तांत साखर असूनहि या पेशींना ती पुरेशी मिळत नाहीं.

तिसरा प्रकार रहाटाचा. पाणी उतारानें आपण होऊन वाहतें, पण विहिरींतून वर काढावयास श्रम लागतात. पेशीबाहेर सोडियम आंतल्यापेक्षां दसपट वा अधिक, आणि पोटॅशियम नेमका उलट. ही विषमता टिकविणारा रहाट डेन्मार्कमधील आऱ्हुस येथें येन्स स्कोव यांनीं खेंकड्यांच्या पायांतील मज्जातंतूंत शोधिला व १९५७ सालीं प्रसिद्ध केला. एका फेऱ्यांत तो सोडियमचे ३ कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आंत घेतो. आपण स्वस्थ निजलों असतांहि आपल्या शरीराच्या एकूण खर्चापैकीं सुमारें पांचवा हिस्सा या रहाटावर खर्ची पडतो. हा खर्च वायां जात नाहीं. बाहेर सांठलेला सोडियम हा धरणांत अडविलेल्या पाण्यासारखा असतो. तो आंत येण्यास सदैव उत्सुक असतो आणि त्याच्या त्या ओढीवर पेशी अनेक कामें करून घेते.

त्यांतीलच एक काम आपल्या लहान आंतड्यांत चालतें, आणि येथें माझ्या विषयाचा गाभा येतो. १९६० सालीं प्राग येथील परिषदेंत रॉबर्ट क्रेन यांनीं असा सिद्धांत मांडला कीं, आंतड्याच्या पेशींत ग्लूकोज एकटा शिरत नाहीं; तो सोडियमच्या जोडीनें शिरतो. या देवडीचा नियमच असा कीं, साखर व मीठ दोन्ही बरोबर आलीं तरच दार फिरेल. त्यांच्या मागोमाग पाणीहि आंत येतें. त्या वेळीं ही केवळ शास्त्रज्ञांच्या जिज्ञासेची बाब होती. तिचें मोल कळावयास पटकीकडे, म्हणजे कॉलऱ्याकडे, वळलें पाहिजे.

पटकीनें माणूस कां मरतो? या प्रश्नाचा निर्णायक उलगडा कलकत्त्याच्या डॉक्टर शंभुनाथ डे यांनीं केला. पटकीचे जंतु गाळून वेगळे केले आणि नुसता द्रव सशाच्या आंतड्याच्या बांधलेल्या तुकड्यांत घातला, तरीहि तो तुकडा पाण्यानें फुगतो, असें त्यांनीं १९५९ सालीं दाखविलें. म्हणजे जंतु रक्तांत शिरत नाहींत कीं आंतडें कुरतडीत नाहींत. ते एक विष सोडतात. पुढें कळलें तें असें कीं, या विषामुळें आंतड्याच्या पेशींचीं क्लोराइड बाहेर सोडणारीं द्वारें उघडीं राहतात. क्लोराइडमागून सोडियम आणि त्यांमागून पाणी बाहेर लोटतें. तीव्र विकारांत तासाला लिटरभर पाणीहि शरीर सोडून जातें. रोगी तहानेनें व्याकुळ होतो. नुसतें पाणी पाजलें तर तें शोषलें जात नाहीं, नुसतें मिठाचें पाणीहि कामास येत नाहीं. शिरेंतून क्षारयुक्त द्रव देणें हाच खात्रीचा उपाय मानला जाई, आणि तो खेड्यापाड्यांत मिळणार कोठून?

परंतु निसर्गानें एक दार मोकळें ठेविलें होतें. पटकीचें विष बाहेर जाण्याचीं द्वारें उघडतें, पण साखर-मिठाच्या जोडीची देवडी बिघडवीत नाहीं. कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनीं १९५३ सालींच साखर व मीठ घातलेलें पाणी पटकीच्या रोग्यांना पाजून पाहिलें होतें. त्याचें शास्त्रीय कारण मात्र तेव्हां ज्ञात नव्हतें. १९६८ सालीं डाक्क्यास नॅलिन व कॅश यांनीं ही गोष्ट मोजमापासह सिद्ध केली.

तिची कसोटी १९७१ सालीं लागली. पूर्व बंगालमधून लक्षावधि निर्वासित भारतांत आले आणि सीमेवरील बनगांव येथील छावणींत पटकीनें थैमान घातलें. डॉक्टर दिलीप महालनाबिस यांच्याजवळील शिरेंतून देण्याचा द्रव संपत आला. तेव्हां त्यांनीं लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लूकोज, ३॥ ग्रॅम मीठ व २॥ ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या बांधविल्या, पिंपांत द्रव करविला, आणि रोग्यांच्या नातलगांच्याच हातीं भांडीं देऊन तो पाजावयास सांगितलें. जेथें शेंकडा २० ते ३० रोगी दगावत होते तेथें हें प्रमाण शेंकडा ३.६ वर आलें. सुई टोंचणारा डॉक्टर नसतांहि आई मुलाला वांचवूं शकते, हें त्या चिखलाच्या छावणींत सिद्ध झालें. महालनाबिस २०२२ सालीं निवर्तले. पुढील वर्षीं भारत सरकारनें त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देऊन गौरविलें.

ही हकीकत केवळ इतिहास म्हणून ऐकून सोडून देण्यासारखी नाहीं. आजहि जगांत पांच वर्षांखालील चार लक्षांहून अधिक मुलें दरवर्षीं अतिसारानें मरतात, आणि त्यांतील पुष्कळ या उपायानें वांचण्यासारखीं असतात. औषधाच्या दुकानांत मिळणारी क्षार-शर्करेची पुडी, जिला ओआरएस म्हणतात, ती उत्तम. ती जवळ नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवावें, आणि तें थोडें थोडें, पण वारंवार पाजावें. आपली साखर आंतड्यांत फुटून तिच्यांतून ग्लूकोज मिळतो, म्हणून ती चालते. प्रमाण मात्र काटेकोर पाळावें. अधिक गोड केलें तर अधिक गुण येईल ही समजूत घातक आहे. कारण आंतड्यांत साखर फार झाली कीं ती पेशींतील पाणीच बाहेर ओढते, मिठानें कैरीचें ओढावें तसें. मिठाचा अतिरेकहि लहान मुलाला अपायकारक होतो. अंगावर पिणाऱ्या मुलाचें दूध बंद करूं नये. मूल निस्तेज झालें, लघवी होईनाशी झाली, पाणी पोटांत ठरेना किंवा शौचांतून रक्त पडूं लागलें, तर पाणी पाजीत पाजीतच त्वरित डॉक्टर गांठावा.

श्रोतेहो, खेंकड्याचा पाय, तळ्यावरचें तेल, भांडीं घांसतांना दिसलेला तवंग, प्रागच्या परिषदेंतील एक आकृति, यांपैकीं एकहि गोष्ट पटकीवर औषध शोधावें म्हणून कोणी हातीं घेतली नव्हती. ज्यांनीं तीं कामें केलीं त्यांना एवढेंच जाणून घ्यावयाचें होतें कीं, हा अदृश्य उंबरठा कोणाला आंत घेतो आणि कां घेतो. त्या प्रश्नाचें उत्तर मिळालें, आणि आज तें मूठभर साखर व चिमूटभर मीठ या रूपानें प्रत्येक घराच्या फडताळांत ठेविलेलें आहे. त्याचें प्रमाण मात्र घरांतील प्रत्येक मोठ्या माणसाच्या मुखोद्गत असावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.